मापानं घडवलेलं हाड: चेहरा मोडतो तेव्हा कस्टम इम्प्लांट नेमकं काय करतं

उसाचं गाळप सुरू झालं की आमच्या सोलापुरात तोंड फुटलेले पेशंट यायला लागतात. रात्रीची वेळ, पुढे उसानं लादलेली ट्रॉली, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर त्यावर चिखल बसलेला. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसते तेव्हा ब्रेक लावायला वेळ उरलेला नसतो. हात हँडलवर असतात, त्यामुळे ट्रॉलीला सगळ्यात आधी भिडतं ते तोंड.

मी जबड्याचा आणि चेहऱ्याच्या हाडांचा सर्जन. लोक आम्हाला दाताचे डॉक्टरच समजतात आणि ते अगदीच चूक नाही. दाताची पदवी घेऊन पुढे तीन वर्षं हेच शिकलेले असतो आम्ही. तर हल्ली एक नवीन गोष्ट घडते. पेशंट आत स्ट्रेचरवर असतो आणि त्याचा भाऊ किंवा मेहुणा बाहेर मोबाईल पुढे करतो. त्यात कुठल्या तरी परदेशी हॉस्पिटलचा व्हिडिओ असतो, मशीनमधून टायटॅनियमचं हाड तयार होऊन बाहेर येतंय. हेच कस्टम इम्प्लांट, एकाच पेशंटच्या मापानं घडवलेलं. "साहेब, हेच बसवा. पैशाचं आम्ही बघतो."

बहुतेक वेळा माझं उत्तर असतं की याची गरज नाही. मग समोरच्याला वाटतं, डॉक्टरांना नवीन काही येत नाही, किंवा पुण्याला पाठवायचं यांच्या जिवावर आलंय. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी चेहरा कसा उभा आहे ते बघू. चेहऱ्यात १४ हाडं आहेत, पण आकडा पाठ करायची गरज नाही. आपल्याकडची पॉवरलूमची शेड डोळ्यांसमोर आणा. चार-सहा लोखंडी खांब, त्यांना जोडणाऱ्या तुळया, आणि मधे पत्रा. चेहऱ्यातही असेच खांब आहेत: नाकाच्या दोन्ही बाजूंनी वर जाणारे, गालाच्या हाडातून वर जाणारे, आणि पार मागे दाढांच्या पाठीमागचे. आडव्या तुळया म्हणजे भुवईची कड, डोळ्याखालची कड, टाळू आणि खालचा जबडा. आपण चावतो तो सगळा जोर हे खांब डोक्याच्या कवटीपर्यंत पोचवतात. मधली हाडं पत्र्यासारखी पातळ, आणि त्यांच्या मागे पोकळी. पत्र्याला पोचा आला तर शेडीला फरक पडत नाही. खांब वाकला की मात्र शेड बसते: गाल सपाट होतो, तोंड लांबट दिसायला लागतं, दात एकमेकांवर बसत नाहीत.

हे खांब कुठे मोडतात याचा अभ्यास फ्रान्समधल्या लील गावच्या रने ले फोर या सर्जननं केला. मृतदेहांच्या चेहऱ्यांवर वेगवेगळ्या दिशांनी आघात करून त्यानं मोडलेली हाडं तपासली, आणि १९०१ साली लिहिलं की वरचा जबडा वाटेल तसा फुटत नाही, ठरावीक तीन रेषांवर सुटतो. आजही आमच्या केसपेपरवर 'ले फोर एक, दोन, तीन' असंच लिहिलेलं असतं. अर्थात ट्रॉलीला धडकलेला माणूस पुस्तक वाचून धडकत नाही. उजवीकडे दोन आणि डावीकडे तीन, वर गालाचा चुरा, असंच प्रत्यक्षात बघायला मिळतं.

तयार प्लेटा पुरतात, बहुतेक वेळा

मोडलेला खांब सरळ करायचा आणि त्याला बारीक पट्टी ठोकून धरायचं, हा आमचा रोजचा धंदा. पट्टी म्हणजे टायटॅनियमची मिनीप्लेट, तिला दीड-दोन मिलिमीटर जाडीचे स्क्रू. १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या मिशेले आणि शांपी या सर्जनांनी दाखवून दिलं की योग्य रेषेवर बसवली तर इतकी छोटी पट्टीही जबडा धरून ठेवते. तेव्हापासून महिना-दीड महिना दात तारेनं आवळून पेशंटला मुका करून ठेवायचं काम पुष्कळ कमी झालं.

या प्लेटा सरळ येतात. ऑपरेशनच्या वेळी पकडीनं वाकवून हाडाच्या वळणावर बसवायच्या. चप्पल पायात घालून बघावी, चावली तर जरा ठोकावी, तसं ते काम आहे. आणि चेहऱ्याच्या निम्म्या भागात आमच्याकडे एक जबरदस्त मोजपट्टी असते, ती म्हणजे दात. दातात केस अडकला तरी माणसाला कळतो, इतकं ते जुळणं नाजूक. वरचे-खालचे दात पूर्वीसारखे एकमेकांत बसवून बांधले की जबड्याचे तुकडे निम्मे आपोआप जागेवर येतात.

(इथे एक गंमत. दात बांधायचे तर तोंड मिटलेलं हवं, मग भुलेची नळी तोंडातून घालता येत नाही. नाकातून घालावी तर नाकच फुटलेलं. त्यावर स्पेनच्या एर्नांदेस आल्तेमिर या सर्जननं १९८६ साली वाट काढली: नळी हनुवटीच्या खालून, छोट्या छेदातून बाहेर घ्यायची. नातेवाइकांना हे सांगितलं की ते घाबरतात, पण हनुवटीखालचा व्रण पुढे शोधूनही सापडत नाही.)

तेव्हा जबडा दोन ठिकाणी मोडलाय, गालाचं हाड एका तुकड्यात आत दबलंय, तुकडे शाबूत आहेत, पेशंट आठवड्याच्या आत आलाय, तर तयार प्लेटांनी काम होतं आणि चांगलं होतं. तिथे कस्टम इम्प्लांट म्हणजे लुंगीला शिंप्याकडून माप घेण्यासारखं.

जिथे डोळा फसतो

गोष्ट बदलते ती डोळ्याच्या खोबणीत.

ही खोबण सात हाडांच्या तुकड्यांनी बनलेली आहे आणि तिच्यात साधारण ३० मिलीलीटर जागा असते, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी. त्यातलं जेमतेम ७ मिलीलीटर बुबुळासकट डोळ्याच्या गोळ्याचं. बाकी चरबी, स्नायू, नसा. खालची जमीन पातळ, आणि नाकाच्या बाजूची भिंत तर इतकी पातळ की तिचं लॅटिन नावच 'कागदी पापुद्रा' असं आहे. ठोसा, चेंडू किंवा हँडल डोळ्यावर बसलं की ही जमीन खाली फुटते आणि डोळ्याखालची चरबी गालाच्या पोकळीत लोंबते. कधी डोळा फिरवणारा स्नायू त्या फटीत अडकतो. मग वर बघितलं की एकाचे दोन दिसतात.

हिशेब साधा आहे. खोबणीची जागा १ मिलीलीटरनं वाढली की डोळा जवळपास १ मिलिमीटर आत जातो. २ मिलिमीटरच्या पुढे गेला की समोरच्या माणसाला कळतं, नेमकं काय ते सांगता येत नाही, पण 'काहीतरी बिघडलंय' एवढं कळतं. आणि सगळ्यात फसवी असते ती सूज. पहिले काही दिवस डोळा सुजेनं बाहेरच आलेला असतो, सगळं छान वाटतं. दोन-तीन आठवड्यांनी सूज ओसरते आणि डोळा हळूहळू आत बसायला लागतो.

मग जमीन परत घालायची. पण ही जमीन सपाट नाही. पुढच्या कडेपासून आधी जरा खोल जाते, मग मागे वर चढते, आणि नाकाच्या बाजूला तिला एक फुगवटा आहे जो डोळ्याच्या गोळ्याला मागून टेकू देतो. तो फुगवटा नीट झाला नाही तर बाकी सगळं जमूनही डोळा आतच राहतो. आता हे काम आम्ही कुठून करतो? खालच्या पापणीच्या आतल्या बाजूनं घेतलेल्या एका फटीतून. एका हातानं डोळा हळूच वर उचलून धरायचा, चरबी सारखी मधे येणार, दिव्याचा उजेड मागेपर्यंत पोचणार नाही, आणि पुढच्या कडेपासून चार-साडेचार सेंटीमीटर आत दृष्टीची नस. तयार जाळी मिळते, ती कात्रीनं कापायची, वाकवायची, घालून बघायची, काढायची, परत वाकवायची. जमीन एकटीच फुटली असेल आणि कडा चारी बाजूंनी शाबूत असतील तर हेही जमतं. पण जमीन आणि आतली भिंत दोन्ही गेल्या, त्यांच्यामधली कडही गेली, तर जाळी टेकवायची कशावर? तिथे अनुभवी हातसुद्धा अंदाजानं चालतो.

कस्टम इम्प्लांटचा खरा उपयोग इथे आहे. धातू तोच, टायटॅनियम. स्क्रूही तेच. फरक एवढाच की आकार ठरवायचं काम त्या अंधाऱ्या फटीतून काढून टेबलावर, दिवसाउजेडी, स्क्रीनसमोर आणलं जातं. पेशंटला भूल द्यायच्या कितीतरी आधी.

जेकार्डवाले मामा

हे मला सगळ्यात नीट समजावलं एका पेशंटच्या वडिलांनी. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) मुलगा मोहोळहून रात्री परतताना ट्रॉलीवर गेला होता. डोक्याला मार होता, मांडीचं हाड मोडलं होतं. पहिल्या ठिकाणी जीव वाचवला, पाय नीट केला. चेहऱ्याचं मात्र 'सूज उतरली की होईल ठीक' असं सांगून घरी पाठवलं. मी त्यांना फार दोष देत नाही, आधी जीवच बघायचा असतो. पण पुढे चेहऱ्याकडे परत कुणी बघितलंच नाही. माझ्याकडे आला तेव्हा साडेतीन महिने झाले होते. डावा गाल सपाट, डावा डोळा खाली आणि आत, जिना उतरताना पायऱ्या दोन दिसतात म्हणून कठडा धरून उतरायचा. हाडं चुकीच्या जागी पक्की जुळून बसली होती.

वडील (मी त्यांना मामाच म्हणतो) अशोक चौकाच्या बाजूला राहणारे, चादरीच्या कारखान्यात जेकार्डची कार्डं पाडून निवृत्त झालेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी विणकर मागावर ठरवत नाही. आधी ग्राफच्या कागदावर चौकट-चौकट भरून नक्षी काढतात. कुठल्या चौकटीत धागा वर, कुठल्या चौकटीत खाली. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात आणि कार्डांची माळ मागावर चढवतात. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. ही युक्ती १८०४ सालची, लिऑनच्या जाकारची. आता इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलं, पण मामांचं आयुष्य पुठ्ठ्यात गेलेलं.

मी त्यांच्या हातात मुलाच्या कवटीचं प्लास्टिकचं मॉडेल दिलं. त्यांनी ते फिरवून फिरवून बघितलं, डाव्या खोबणीच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग उजव्या. दोन्हीतला फरक बोटाला कळत होता. मग स्क्रीनवरचा आराखडा बघून म्हणाले, "म्हणजे कार्ड आधी पाडायचं, माग नंतर चालवायचा."

मी म्हटलं, "अगदी तसंच, मामा."

"मग एक भोक चुकलं तर?"

त्यावर खाली येतोच. आधी कार्ड कसं पाडतात ते बघू.

सुरुवात सीटी स्कॅननं. गॉडफ्री हाउन्सफील्डनं १९७१ साली पहिल्या पेशंटचा असा स्कॅन घेतला, १९७९ ला त्याला नोबेल मिळालं. स्कॅन म्हणजे डोक्याचे आडवे काप. कस्टम कामाला ते एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हवेत. प्रत्येक काप म्हणजे मामांचा ग्राफ कागद, बारीक चौकटींचा. फक्त चौकटीत 'वर-खाली' च्या जागी एक आकडा असतो: पाणी शून्य, हवा उणे १०००, हाड काही शेकड्यांच्या पुढे. संगणकाला सांगायचं की अमुक आकड्याच्या वरच्या चौकटी ठेव, बाकीच्या पुसून टाक. उरतं ते हाड, स्क्रीनवर फिरवता येणारं.

इथेच पहिली गफलत होऊ शकते. खोबणीची जमीन इतकी पातळ की एका चौकटीत थोडं हाड आणि थोडी हवा असं मिसळून येतं, आकडा खाली पडतो, आणि संगणक ते हाड पुसून टाकतो. स्क्रीनवर भोक दिसतं, प्रत्यक्षात तिथे हाड असतं. उलट दातावर धातूची कॅप असेल तर तिच्याभोवती किरणांचे झगझगीत पट्टे येतात आणि नसलेलं हाड दिसतं. म्हणून ही साफसफाई एकट्या संगणकावर सोडायची नसते. इंजिनिअर आणि सर्जन दोघांनी कापामागून काप डोळ्यांखालून घालावा लागतो.

एक कामाची गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. नातेवाईक मोठ्या पाकिटात सीटीची फिल्म घेऊन येतात, घडी पडू नये म्हणून रिक्षात मांडीवर आडवी धरून. त्या फिल्मचा या कामाला उपयोग शून्य. स्कॅन सेंटरमधून सीडी किंवा पेन ड्राइव्हवर मूळ डेटा मागून घ्या, आणि पातळ कापांचा. मोबाईलवर काढलेला फिल्मचा फोटो तर नकोच.

पुढची पायरी आरशाची. उजवी बाजू शाबूत असेल तर तिची प्रतिमा उलटी करून डाव्या बाजूवर ठेवायची. म्हणजे अपघाताआधी डावी बाजू साधारण कशी असेल ते दिसतं. त्या सावलीवर जमीन कशी हवी, भिंत कुठे हवी, गाल किती पुढे हवा हे ठरतं. इम्प्लांटला पुढच्या कडेवर टेकायला एक छोटा ओठ ठेवतात, म्हणजे ते एकाच जागी आणि एकाच पद्धतीनं बसतं. चावी कुलपात बसते तसं. इंजिनिअर बहुधा दुसऱ्या शहरात असतो. व्हिडिओ कॉलवर एकेक कड घासूनपुसून घ्यायची, मग आराखड्याला मंजुरी.

मशीनचा भाग खरं तर सगळ्यात कमी रंजक, पण व्हिडिओत तोच दाखवतात. टायटॅनियमची मैद्याहून बारीक भुकटी पसरायची, लेसरनं आकाराच्या रेषेवर वितळवायची, त्यावर पुढचा थर, परत लेसर. थ्रीडी प्रिंटिंग म्हणतात ते हेच. टायटॅनियम वितळायला १६६८ अंश लागतात आणि गरम असताना ते प्राणवायू शोषून ठिसूळ होतं, म्हणून सगळं आरगॉन वायूच्या बंद पेटीत. नंतर भट्टीत घालून त्यातला ताण काढायचा, आधाराचे काटे तोडायचे, घासायचं, धुवायचं, आणि ऑपरेशनआधी ऑटोक्लेव्हमध्ये वाफेनं निर्जंतुक करायचं. काही वेळा टायटॅनियमऐवजी पीक नावाचं मजबूत प्लास्टिक वापरतात. टायटॅनियम हाडापेक्षा कितीतरी पट ताठ असतं, पीक उलट हाडाहून लवचिक. शिवाय एमआरआयमध्ये ते सावली पाडत नाही. पण हाड त्याला चिकटून वाढत नाही. टायटॅनियमला चिकटतं. ही गोष्ट स्वीडनच्या ब्रोनमार्कला १९५० च्या दशकात सशाच्या पायात बसवलेलं टायटॅनियम निघेना तेव्हा कळली. आजचे दातांचे इम्प्लांट त्याच सशाच्या कृपेनं.

चुकीच्या जागी जुळलेलं हाड

मामांच्या मुलाची केस मात्र नुसत्या जमिनीची नव्हती. गालाचं हाडच चुकीच्या जागी पक्कं झालं होतं. ते परत कापून, सोडवून, पुढे आणून बसवायचं. पण किती पुढे? किती वर? किती फिरवून? ताज्या फ्रॅक्चरमध्ये तुटलेल्या कडा एकमेकांत बसतात, फुटलेल्या बशीसारख्या. जुन्यात त्या कडा विरघळून गोल झालेल्या असतात. जुळवायला काही उरतच नाही.

यावरची युक्ती मला अजूनही आवडते. स्क्रीनवर गालाचं हाड कापून योग्य जागी सरकवतात. त्या जागी धरून ठेवणारी प्लेट आखतात, स्क्रूच्या भोकांसकट. मग हाड परत चुकीच्या जागी नेतात, पण भोकांच्या खुणा हाडावर तशाच ठेवून. त्या खुणांवरून एक साचा छापतात. ऑपरेशनमध्ये आधी हा साचा चुकीच्या जागी असलेल्या हाडावर बसवायचा आणि त्यातून भोकं पाडायची, त्याच साच्याच्या फटीतून हाड कापायचं. साचा काढून टाकायचा. आता कस्टम प्लेट ठेवायची. तिची भोकं आणि हाडाची भोकं जुळतात ती फक्त एकाच ठिकाणी, जिथे हाड असायला हवं तिथे. मोजायला फूटपट्टी नाही, अंदाज नाही. भोकं जुळली की हाड जागेवर.

आणि आता मामांचा प्रश्न. एक भोक चुकलं तर माग काही विचारत नाही, चादरभर तीच चूक विणत जातो. इथेही तेच. आराखडा चुकला तर ती चूक अर्ध्या मिलिमीटरच्या अचूकतेनं चेहऱ्यात बसते. सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे आरशावर आंधळा विश्वास. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. काहींची शाबूत बाजूसुद्धा जुन्या मारानं बदललेली असते. दोन्ही बाजू फुटल्या असतील तर आरसा धरायचा कशाला? म्हणून मी अपघाताआधीचे फोटो मागतो, समोरून आणि बाजूनं. लग्नातले चालतात, गड्ड्याच्या जत्रेत काढलेले चालतात. आधार कार्डावरचा तेवढा नको, त्यात कुणीच स्वतःसारखं दिसत नाही.

दुसरी अडचण वेळेची. ताजं फ्रॅक्चर साधारण दोन आठवड्यांच्या आत बसवलं तर सोपं जातं. कस्टम इम्प्लांट आखून, मंजूर होऊन, बनून यायला कित्येकदा तेवढेच दिवस जातात. वाट बघता बघता हाड चिकटायला लागतं. काही गोष्टी तर अजिबात थांबत नाहीत: डोळ्यामागे रक्त साठून नजर जात असेल तर तासांचा प्रश्न. लहान मुलांत डोळा बाहेरून अगदी पांढरा स्वच्छ दिसतो, पण वर बघितलं की मूल ओकतं, नाडी मंदावते. स्नायू फटीत चिमटलेला असतो. त्याला एक-दोन दिवसांत सोडवायचंच. तिथे 'थ्रीडीवालं येऊ द्या' म्हणत बसणं म्हणजे घर जळताना विहीर खणणं.

या दोन टोकांच्या मधे एक स्वस्त मार्ग आहे आणि मला वाटतं सोलापूरसारख्या शहरात तोच जास्त कामाचा. सीटीवरून कवटीचं आरशात दुरुस्त केलेलं प्लास्टिकचं मॉडेल छापून घ्यायचं. ते एक-दोन दिवसांत होतं. तयार प्लेट किंवा जाळी त्या मॉडेलवर आदल्या दिवशी निवांत वाकवून ठेवायची, निर्जंतुक करायची, ऑपरेशनमध्ये सरळ बसवायची. कस्टमचा बराचसा फायदा मिळतो, कारण आकार ठरवायचं काम इथेही आधीच झालेलं असतं. फक्त हे मॉडेल हातात धरायचं आहे. शरीरात राहणारं इम्प्लांट हे वैद्यकीय उपकरण, त्याला २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात. कुणाच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये 'स्वस्तात करून देतो' म्हणाले तर हात जोडून नको म्हणा.

पैशाचंही बोलायला हवं. कस्टम इम्प्लांट तयार प्लेटांच्या कित्येक पट महाग पडतं, कारण धातूपेक्षा आराखड्याचे, मशीनचे आणि एकच नग बनवण्याचे पैसे जास्त. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत चेहऱ्याच्या फ्रॅक्चरचे उपचार असतात, पण कस्टम इम्प्लांट त्या पॅकेजमध्ये मावेलच असं धरून चालू नका. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला तारीख ठरवायच्या आधी विचारा. केंद्रानं २०२५ मध्ये रस्ता अपघातातल्या जखमींसाठी दीड लाखापर्यंतची कॅशलेस योजना आणली, पण तिची मुदत अपघातापासून सात दिवस. म्हणजे मामांच्या मुलासारखा चौथ्या महिन्यात आलेला पेशंट तिच्यात बसतच नाही. चेहरा पहिल्याच आठवड्यात कुणाला तरी दाखवून घ्या, हे मी सांगतो त्याला हेही एक कारण.

कशाकडे लक्ष द्यायचं? गाल, वरचा ओठ किंवा हनुवटी बधिर वाटणं. दात पूर्वीसारखे न बसणं. एकाचे दोन दिसणं. नाकातून पाण्यासारखा पातळ, थांबत नसलेला स्राव. यातलं एकही असेल तर सूज उतरायची वाट बघायची नाही.

आणि हेल्मेट. डोक्यावर वाटी ठेवल्यासारखं अर्धं हेल्मेट दंड वाचवतं, जबडा वाचवत नाही. एवढंच म्हणतो, जास्त बोललो तर घरचे म्हणतात, याला दुसरा विषय नाही.

ऑपरेशननंतरची पथ्यं सांगताना आमच्याकडे सगळ्यात मोठा वाद होतो तो कडक भाकरीचा. सहा आठवडे पेज, वरण-भात, मऊ खिचडी. शेंगाचटणीचे दाणे टाक्यांत अडकतात, तीही नको. मावा तर मुळीच नको. तंबाखूनं जखम उशिरा भरते आणि खाली धातू असताना जखम उसवणं परवडत नाही. गालाची पोकळी फुटली असेल तर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, नाहीतर हवा पापणीखाली शिरून डोळा फुग्यासारखा फुगतो. प्लेटा पुढे काढायच्या नसतात, त्रास दिला तरच. विमानतळावर सहसा वाजत नाहीत. एमआरआयला चालतं, फक्त आधी सांगायचं.

मुलाचं ऑपरेशन ठरल्यासारखं झालं. भोकं जुळली. जमिनीचं इम्प्लांट पहिल्याच प्रयत्नात कडेवर बसलं आणि मी ते काढून परत बघितलं नाही. माझ्यासारख्या संशयी माणसासाठी ही मोठी गोष्ट. डोळा वर आला, गाल भरला. पण साडेतीन महिन्यांत कातडी आणि खालचं मांस आकसलं होतं, ते धातूनं पूर्ण सुटत नाही. बारकाईनं बघितलं तर डावी पापणी अजून किंचित ओढलेली दिसते. अगदी खाली बघताना अजूनही कधी कधी दोन दिसतात, जिना मात्र तो आता कठडा न धरता उतरतो.

सहा महिन्यांनी दाखवायला आला तेव्हा सोबत मामा होते. मुलाला विचारलं, काही त्रास? तो म्हणाला, काही नाही. मामांनी त्याच्या डाव्या गालाकडे बोट केलं. नाकाच्या बाजूला, वरच्या ओठाच्या वर, दोन बोटं रुंद जागेवर केस तसेच राहिले होते. तिथली नस अपघातातच चिरडली होती. दाढी करताना त्या पट्ट्यावरून वस्तरा फिरला की नाही, हे त्याला अजून कळत नाही.